पाठवणीपुरता दम

तीनही चेंडू टोपीला लागले आणि अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या.

"बगा ताई," गेजगे मास्तर तोंडातली नळी काढत म्हणाले, "म्हटलं न्हवतं? चाळीस वर्षं क्लॅरोनेट फुंकतोय. हे पोरांचं खेळणं काय हाय आपल्यापुढं?"

खेळणं म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं प्लास्टिकचं यंत्र. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू. बाजूच्या नळीतून श्वास आत ओढायचा, जितका ओढाल तितके चेंडू वर जातात. फासळ्या मोडलेल्या माणसानं तिसऱ्या दिवशी एक चेंडू उचलला तरी आम्ही खूश असतो. यांनी तीन उचलले होते, आणि नाचवतही ठेवले होते.

मी तक्त्यावर मोठ्या दिमाखात लिहिलं, 'उत्तम'. आणि खाली माझी सही केली, वृषाली भोईटे.

मिरजेच्या दवाखान्यात नोकरीला लागून मला तेव्हा सहा महिने झाले होते. वय चोवीस, गाव फलटण, फिजिओथेरपीची पदवी ताजी ताजी, आणि डोक्यात अशी हवा की मानवी शरीरातल्या साऱ्या स्नायूंचा सातबारा माझ्याच नावावर आहे. हसू नका. त्या वयात तुम्हीही असेच असणार.

मास्तर बेडगचे. धोंडीराम गेजगे, वय अठ्ठावन्न, स्वतःचा अठरा माणसांचा बँड. अक्षय्य तृतीयेच्या एका वरातीत पडले. बँडचा मास्तर आपल्या माणसांकडे तोंड करून उलटा चालतो, हे तुम्ही पाहिलं असेल. रस्त्यात टेलिफोनवाल्यांनी चर खणून ठेवला होता. मास्तर वाजवता वाजवता मागच्या मागे चरात गेले आणि उजव्या बाजूच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या बरगडीचे तुकडे करून घेतले.

"हात टेकवायचा होता की," मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं.

"हातात क्लॅरोनेट होता," ते म्हणाले. "त्यो वर धरला. बरगडी काय, फुकट जुळती. क्लॅरोनेट जुळवायला मुंबईला धाडावा लागतोय."

बरगडीला प्लास्टर घालता येत नाही. घालणार कसं? श्वास थोडाच बंद ठेवता येतो! दोन दोन बरगड्यांच्या मधे स्नायूंचे पातळ पट्टे असतात. आपण श्वास घेतला की ते बरगडी वर उचलतात, बादलीची कडी उचलावी तशी. दिवसाला वीस-बावीस हजार वेळा. मोडलेली कडी त्या प्रत्येक वेळी ठणकते. मग माणूस नकळत तेवढा भाग हलवायचाच थांबतो. खोकतही नाही. कफ तळाशी साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटत जातो आणि न्यूमोनिया होतो. बिडी ओढणाऱ्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला त्यातून उठवणं सोपं नसतं. म्हणून तर ते चेंडू.

आणि मास्तरांना घाई होती. सहा दिवसांवर लेकीचं लग्न आलं होतं.

"आमच्या बँडवाल्यांच्यात एक रीत हाय ताई," ते सांगायचे. "लगीन दुसरा बँड वाजवतो, तेबी फुकट. पर लेकीची पाठवणी बापानंच वाजवायची. दुसऱ्यांच्या हजारभर पोरी मी वाजवून लावून दिल्या. माझी एकच हाय. तिला दुसऱ्याच्या फुंकरीवर धाडू व्हय?"

ती एकच म्हणजे मंदा. आई लहानपणीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. ती दिवसभर खाटेशी बसून असायची, आणि हळदीच्या आदल्या आठवड्यात नवरी दवाखान्यात बसलीय म्हणून येणारी जाणारी बाई हळहळायची. मंदा मात्र शांतपणे बापाला लिंबाच्या फोडी चोखायला द्यायची.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तरांना ताप भरला.

डॉक्टर कोरगावकरांनी कानाला नळी लावून छाती ऐकली, फोटो काढायला लावला, आणि तो उजेडात धरून मला जवळ बोलावलं. उजव्या बाजूचा तळ पांढरा झाला होता.

"भोईटे, हा भाग चार दिवसांत उघडलेलाच नाही. तुम्ही रोज 'उत्तम' लिहिलंय. काय बघून लिहिलंत?"

"सर, चेंडू. तीनही वर जात होते."

"चेंडू मीही लहानपणी खूप पाहिले," ते म्हणाले. "छातीला हात लावला होतात का?"

धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं.

"दोन दिवस देतो. कफ सुटला नाही, तर नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल. मग लग्नाचं विसरा. माणूस उठतो का तेवढं बघायचं."

मी तरातरा वॉर्डात आले. माझ्या रागाला तेव्हा फार लांबचं अंतर लागायचं नाही. मास्तरांचा सदरा वर केला आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या खालच्या फासळ्यांवर ठेवले.

"घ्या श्वास."

डावा हात सरकला. उजव्या हाताखाली काही म्हणजे काही हललं नाही. वर मात्र खांदे उचलले गेले, मानेच्या दोऱ्या ताठ झाल्या.

"आता ते यंत्र तोंडात धरा आणि ओढा."

त्यांनी ओढलं. मान, खांदे आणि गाल. झटक्यानं एक घोट, लगेच दुसरा, लगेच तिसरा. चेंडू खाली यायच्या आत पुढचा घोट. कुठे थांबल्याचं कळत नव्हतं. सनई-क्लॅरोनेटवाले सूर न तोडता मधेच श्वास घेतात ना, तीच कारागिरी उलटी चालवली होती. आणि मी चार दिवस टाळ्या वाजवत होते!

"मास्तर, तुम्ही मला फसवलंत."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "शेजारच्या खाटंवरचे पाव्हणे म्हणाले, तीन चेंडू गेले की घरी सोडतात."

"अहो, चेंडू वर जाऊन काय उपयोग? वारा वरच्यावर फिरतोय! खालचा कोपरा बंद पडलाय तुमचा. तिथं कफ साचलाय."

"दुखतंय ताई," ते पहिल्यांदाच म्हणाले. "लई दुखतंय. खोकलो की सुरी फिरवल्यागत."

मंदा पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. मला वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही.

"बँडमधे नवीन माणूस आला की त्याला फुंकायला कसं शिकवता?"

"पोटावर वीट ठेवून उताणा निजवायचा. वीट हलली पायजे."

"मग मला शिकवा."

"आं?"

"मला शिकवा. मी फसले ना? मग मला येऊ दे तरी, खरी फुंकर कशी असते ते."

माझ्या मनात तेव्हा मोठी युक्ती वगैरे होती असं नंतर लोक म्हणाले. मीही कधीकधी तसं सांगते. खरं सांगायचं तर मी फक्त चिडले होते.

वाजवणारा माणूस क्लॅरोनेट घरी ठेवेल, पण त्याचं तोंड, म्हणजे बोरूची पातळ पत्ती बांधलेला वरचा तुकडा, कुणाच्या हवाली करत नाही. मास्तरांच्या उशाखाली चंचीत तो होताच. त्यांनी नाइलाजानं काढून दिला. मी तोंडात धरला, गाल फुगवले आणि फुंकलं. फुस्स. परत फुंकलं. बदक चिरडल्यासारखा आवाज आला आणि बारा खाटांचा वॉर्ड फिदीफिदी हसायला लागला.

"गालानं न्हाई ताई!"

मी आणखी गाल फुगवले.

"आवं, गालानं काय हुतंय! गाल म्हंजे नुसती पिशवी!"

"मग कशानं? खांद्यानं?" मी खांदे उचलून दाखवले.

"खांदं कशाला उचलताय, वझं हाय का डोक्यावर? पोट! बेंबीच्या खालनं! गळा, गाल, खांदं ह्या समद्यांनी गप बसायचं असतंय!" मास्तर आता उठून बसले होते, मास्तरकीच्या रागानं लाल झाले होते. "हिकडं बगा. हात लावा हितं. ह्यो असा घ्यायचा आन् असा..."

त्यांनी श्वास घेतला. माझा हात त्यांच्या उजव्या बरगडीवर होता. चार दिवसांत पहिल्यांदा ती माझ्या हाताखालून बाहेर सरकली, बोटभर. पुढच्या क्षणी त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि आतून खोकला उसळला.

"मंदा, उशी!"

मी उशी त्यांच्या कुशीला गच्च दाबून धरली. "खोका मास्तर. दाबून धरलंय मी. खोका!"

ते खोकले. ओरडले, मला एक शिवी दिली, परत खोकले. चौथ्या खोकल्याला वाडग्यात हिरवट गोळा पडला. एवढ्या घाणेरड्या वस्तूचा इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्यांदा झालेला नाही.

धाप उतरल्यावर ते हळूच म्हणाले, "मी तुमाला जे म्हटलं, गालानं न्हाई, खांद्यानं न्हाई..."

"हं."

"तेच मी चार दिस करत हुतो न्हवं?"

"तेच."

"चाळीस वर्षं माणसं शिकवतोय," ते म्हणाले आणि ओशाळून मिशीवरनं हात फिरवला.

त्या दिवसापासून उशी कुशीला लावून दर दोन तासांनी आमचा वर्ग भरायला लागला. ताप दुसऱ्या संध्याकाळी उतरला. कोरगावकर सरांनी लग्नाच्या दिवशी चार तासांची मोकळीक दिली. अटी दोनच. भोईटे बरोबर जाणार आणि मास्तर सहा आठवडे फुंकणार नाहीत.

"सहा आठवडे न्हाई?" मास्तरांनी विचारलं.

मी त्यांना समजावलं. पोटावर स्नायूंचे चार थर असतात. समोर एक सरळ उभा, बाजूला दोन तिरपे, एकमेकांना छेद देऊन गेलेले, आणि सगळ्यांत आत एक आडवा, कंबरपट्ट्यासारखा. खोकताना, हसताना, फुंकताना हे चारही आवळतात. त्यातले तिरपे वरच्या बाजूला नेमके खालच्या बरगड्यांना धरून असतात. तुम्ही जोर लावलात की जुळत आलेलं हाड ते पुन्हा ओढणार.

"चार थर?" ते विचार करून म्हणाले. "मला तर जन्मभर एकच वाटला."

लग्न बेडगच्या शाळेपुढच्या मांडवात झालं. मालगावचा बँड फुकट आला होता. मास्तर खुर्चीत, कुशीला उशी. अक्षता पडल्या, जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली तशी मालगावच्या मास्तरांनी गेजगे मास्तरांच्या पायाला हात लावला आणि वाद्य उचललं. गेजगे मास्तरांनी मान खाली घातली.

"थांबा काका," मंदा म्हणाली.

हातात नारळ, कपाळाला मुंडावळ्या, आणि आवाज असा की मांडव चिडीचूप.

"माझी पाठवणी माझे बाबा वाजवणार. ते वाजवतील त्या दिवशी मी जाईन."

सासूबाई उसळल्या. "ही कुठली रीत म्हणायची? लग्न लागलेली नवरी बापाच्या घरात ठेवून आम्ही वऱ्हाड परत न्यायचं? लोक काय म्हणतील?"

सगळे नवऱ्या मुलाकडे बघायला लागले. विलास जावीर, कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करायचा. काटकुळा, कानाशी बाशिंग घसरलेलं.

"आई," तो म्हणाला, "लग्न तर लागलंय. नवरी काय पळून चाललीय का? सहा आठवड्यांनी नेऊ." मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाला, "सहाच ना, मॅडम?"

"सहाच," मी छातीठोकपणे सांगितलं.

"आखाडाच्या आत पाहिजे हां," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर परत महिना गेला."

त्यानंतर दर गुरुवारी मास्तर एस.टी.नं मिरजेला तपासायला यायचे, बरोबर मंदा. आणि बरोबर साडेअकराला बाहेरच्या बाकावर विलास हजर. कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून, लुनावरून. नवराबायकोची भेट आठवड्यातून तेवढीच, माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर.

"मॅडम, किती जुळल्या?" तो विचारायचा.

"पन्नास टक्के."

"गेल्या गुरुवारी चाळीस होत्या." हिशेब चोख. "जरा जास्तीचा व्यायाम देता येत नाही का?"

"हाडाला ओव्हरटाइम नसतो, जावीर."

चौथ्या आठवड्यात मास्तर झकास होते. दोन चेंडू वर, छाती दोन्ही बाजूंनी सारखी. पाचव्या आठवड्यात दोनच. सहाव्या आठवड्यात, ऐन शेवटाला, एकच चेंडू आणि तोही अर्ध्यावर. जोडीला धाप, जोडीला कण्हणं.

फोटो काढला. हाडं छान धरली होती. सरांनी छाती ऐकली, स्वच्छ. "भोईटे, हे तुमच्या हद्दीतलं," म्हणून मोकळे झाले.

माझी झोप उडाली. परत कुठं चुकलं? विलास बाकावरून मान लांब करून बघत होता. जून संपत आला होता. आखाड लागायला आठच दिवस उरले होते.

"परत एकदा," मी मास्तरांना म्हटलं, आणि या वेळी चेंडूंकडे पाठच केली. हात बरगड्यांवर ठेवले, डोळे मिटले.

बरगड्या उघडल्या. दोन्ही बाजूंनी, सारख्या, खालपर्यंत. पोट पुढं आलं, कुशीतले ते तिरपे स्नायू सैल झाले. असा श्वास मी पंचविशीतल्या पहिलवानांचाही पाहिला नव्हता.

डोळे उघडून बघितलं. चेंडू अर्ध्यावर लटपटत होता.

मी वाकून त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. नळी ओठांत होती, पण डाव्या कोपऱ्यात हलकीशी फट. सगळा वारा तिथून आत जात होता.

"मास्तर."

"लई धाप लागती ताई."

"मास्तर, चाळीस वर्षं पत्ती ओठांत धरलेला माणूस तुम्ही. तुमचे ओठ गळतात?"

ते नळी तोंडातच धरून बसले. मग ती काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि टेबलावर ठेवली.

"तुमच्या हाताला कळलं व्हय?"

"कळलं. पहिल्या खेपेला चेंडू वर आणि फासळ्या बंद. आता फासळ्या उघड्या आणि चेंडू खाली. तेव्हा घरी जायचं होतं म्हणून फसवलंत. आता कशाला?"

"लिवा की आणखी एक हप्ता."

"हप्त्यानं आखाड लागतो."

"लागंना का." ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. सरळ बघत नव्हते, पण बघत होते. "आखाडात नवी नवरी सासरी ऱ्हात न्हाई. मग नागपंचमी. पंचमीला लेक माह्यारीच असती. म्होरं गौरी-गणपती. मग पितर, पितरांत कोण पाठवणी करतंय? मग घट बसले. आन् पयली दिवाळी तर ताई, बापाच्याच घरी असती."

त्यांनी सगळं पाठ केलं होतं. मला हसू आलं.

"म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत धाप लागणार तुम्हाला?"

"घरात दोनच माणसं हाईत," ते म्हणाले. "सकाळी ती चूल पेटवती, मी क्लॅरोनेटची पत्ती भिजत घालतो. म्होरं एकच माणूस. एवढंच." आणि मग एकदम चिडून म्हणाले, "तुमाला काय, तुमी सही करून मोकळ्या!"

खरं होतं. माझ्यापुढे कागद होता. 'वाजवण्यास हरकत नाही' लिहायचं, की 'आणखी एक आठवडा'. चार महिन्यांचा प्रश्न माझ्या एका ओळीवर अडला होता. मी पेन उघडलं आणि नुसतीच बसले. देवाशपथ सांगते, मी 'एक आठवडा' लिहिणार होते. 'एक' हा शब्द लिहूनही झाला होता.

तेवढ्यात पडद्यापलीकडून हसण्याचा आवाज आला.

मंदा हसत होती. विलास काहीतरी सांगत होता, दबक्या आवाजात, कारखान्यातल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल असावी. ती आधी तोंडात पदर कोंबून हसली, मग तिला आवरेना. पोट धरून, श्वास अडेपर्यंत, मधेच "थांबा हो, दुखायला लागलं" म्हणत हसली. नर्सबाई ओरडली तरी हसली.

मास्तर मान तिरकी करून ऐकत राहिले, एखादा नवीन वाजवणारा पारखावा तसे.

"ऐकलंसा?" ते म्हणाले.

"काय?"

"पोटातनं हसली. पार खालनं." मग म्हणाले, "माझ्यापाशी हसती ती गालातल्या गालात. आई नसलेल्या घरात पोरगी तशीच हसायला शिकती. मला वाटायचं, तिचं हसणंच तेवढं हाय."

बाहेर विलासनं पुन्हा काहीतरी म्हटलं, आणि ती पुन्हा हसली.

मास्तर खुर्चीतून उठले. उशीला हातही लावला नाही. पडदा सारला.

"मंदे."

ती दचकून उभी राहिली, पदर सावरला. विलासही उठला.

"जावईबापू, आईंना सांगा. रविवारी गाडी घेऊन या. आखाडाच्या आत."

विलासनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी कागदावरचा 'एक' खोडला आणि मान डोलावली.

रविवारी मी गेले. बोलावलं नसतं तरी गेले असते. दारात फुलांच्या माळा घातलेली जीप उभी होती, आतमधे सासूबाई, पुढे विलास. सगळा बँड कडक इस्त्रीच्या लाल कोटांत रांगेत उभा होता. मास्तरांचा कोट सहा आठवड्यांत सैल झाला होता, खांद्यावरच्या सोनेरी झिरमिळ्या पुढं लोंबत होत्या.

मंदा बापाच्या पाया पडली, जीपमधे बसली. मास्तरांनी क्लॅरोनेट ओठांना लावला.

मला संगीतातलं फार कळत नाही. पण पहिला सूर निघाला आणि ओसरीवरच्या बायकांनी एकदम पदर डोळ्यांना लावले. सूर खालून आला, जड, सावकाश, आणि वर वर गेला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मास्तर वाजवत राहिले. गत संपली, त्यांनी पुन्हा धरली. ती संपली, तिसऱ्यांदा धरली. सूर कुठे तुटेचना. बँडच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. पाठवणीची गत संपल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

पाच मिनिटं झाली. सात झाली. लोक वाहवा करायला लागले, "काय दम हाय मास्तरांचा!" ताशेवाल्याच्या हाताला घाम आला. जीप घुरघुरत उभीच. मास्तरांचे डोळे मिटलेले, मधल्या श्वासापुरते गाल फुगलेले, नाकानं अलगद श्वास घेत होते आणि सूर सोडत नव्हते. सहा आठवडे खपून मी त्या माणसाला जेवढा दम मिळवून दिला होता, तेवढा सगळा तो तिथं लेकीला थांबवायला खर्च करत होता. सासूबाईंना कळलं नाही. विलासला कळलं असावं. त्यानं हात लांब करून ड्रायव्हरला गाडी बंद करायला लावली आणि पाठ टेकून बसला.

शेवटी मंदाच उतरली. हातातला नारळ विलासकडं दिला, बापासमोर जाऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकलं. मग क्लॅरोनेटला हात लावून तो हळूच खाली केला.

"बाबा, बास की आता," ती म्हणाली. "आखाडात येतीयच की मी. आठ दिवसांनी."

मास्तरांनी डोळे उघडले. तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि मान हलवली. ती जाऊन बसली. गाडी सुरू झाली, वळणावर गेली, दिसेनाशी झाली. माणसं पांगली. बँडवाले कोटाची बटणं सोडायला लागले.

मास्तर तिथंच उभे होते. मी जवळ गेले. त्यांची छाती भात्यासारखी हलत होती.

"ताई," ते म्हणाले, "आता लागली बगा धाप. खरी."

मी तपासायला हात पुढे केला नाही. ओसरीवरची खुर्ची आणून त्यांच्यामागं ठेवली, आणि त्यांचा श्वास बसेपर्यंत शेजारी पायरीवर बसून राहिले.